कोपऱ्यातला काळा टाका

औंढ्याच्या सोनाजी डेकोरेटरकडे दोन अल्बम होते. एक जाडजूड, मखमली पुठ्ठ्याचा. त्यात महाल, कमानी, सोंडेतून फुलं उधळणारे थर्माकोलचे हत्ती. दुसरा बारका, लॅमिनेशनच्या कडा उचकटलेला. गिऱ्हाईक दुकानाची पायरी चढेपर्यंतच सोनाजीला कळायचं, कोणता अल्बम काढायचा. ही विद्या तो कोणत्या शाळेत शिकला कुणास ठाऊक, पण त्याचा अंदाज कधी चुकत नसे.

मालनबाई पायरी चढली आणि सोनाजीनं बारका अल्बम काढला.

आता मालनबाई काही वाट चुकून आलेलं गिऱ्हाईक नव्हती. शिरड शहापूरच्या बौद्ध वस्तीत तिचं घर, घरात पायमशीन, आणि त्या मशीनवर सतरा वर्षं सोनाजीचंच कापड. छताचे पट्टे, झालरी, पडदे, खुर्च्यांची कव्हरं, सगळं तिनंच शिवायचं आणि फाटलं की तिनंच सांधायचं. तालुक्यातली निम्मी लग्नं तिच्या टाक्यांखाली लागली होती आणि आमंत्रण तिला एकाचंही नव्हतं. त्याचं तिला कधी वाईट वाटलं नाही. शिवणाऱ्या बाईला कोण बोलावतं?

पण या खेपेला लग्न तिच्याच घरचं होतं. तिची करुणा हिंगोलीला दवाखान्यात नर्स. साखऱ्याच्या रत्नपालशी तिचं जमलं, दोन्हीकडच्यांनी हौसेनं जमवून दिलं. करुणानं आईला मोबाईलवर नांदेडचे डेकोरेटर दाखवले होते, धुराची मशीन अन् फिरतं स्टेज असलेले. मालनबाईनं मान हलवली. तिला एकच गोष्ट हवी होती. दसऱ्याला तिनं सोनाजीसाठी एक पांढरा सेट शिवला होता. बावीस पट्टे, तीन पदरी झालर, दुमड ज्वारीच्या दाण्याएवढी बारीक. शिवता शिवताच तिनं मनातल्या मनात पांढऱ्या साडीतली लेक त्या छताखाली उभी केली होती, पुढ्यात बुद्धमूर्ती, बाबासाहेबांचा फोटो, पेटलेल्या मेणबत्त्या. त्या दिवसापासून तिला दुसरं कापड डोळ्यापुढं येईना.

“हे निळं न्हाई, सोनाजीभाऊ,” तिनं अल्बम परत सरकवला. “मला पांढरं पाह्यजे. दसऱ्याला शिवलं ते.”

“ते गोपाळरावांच्या अबोलीच्या लग्नासाठी राखून ठेवलंय, मालनबाई. तुळशीचं लग्न झालं की पहिलाच मुहूर्त. गुरुवारी.”

“आमचं तर रविवारी हाय. चार दिवस आधी.”

“म्हणूनच तर जमत न्हाई ना,” सोनाजी बोलून गेला आणि लगेच अल्बमची पानं चाळायला लागला. “म्हंजे, धूळ बसती, डाग पडतात. तुमाला तर ठावं हाय सगळं.”

“मी धुऊन, इस्त्री करून बुधवारी गोडाऊनला आणून टाकते.”

“काहून तकलीफ घेता? तुमच्या लोकांत निळंच शोभून दिसतंय.” सोनाजीनं इतकं गोड हसून सांगितलं की दुसऱ्या कुणाला चहाचं आमंत्रणच वाटलं असतं.

मालनबाईनं रविवारचं बुकिंग केलं, चिठ्ठी घेतली आणि एसटी धरली. चिठ्ठीवर ‘मंडप, स्टेज, शंभर खुर्च्या’ एवढंच लिहिलं होतं. कापडाचा रंग लिहिलेला नव्हता. गाडीभर तिच्या डोक्यात एकच शब्द फिरत राहिला. म्हणूनच. चार दिवस आधी आहे म्हणून सोपं व्हायला हवं होतं, ते म्हणूनच अवघड कसं झालं? वस्तीत लग्नाला मुहूर्त बघायची रीत नाही, रविवारी सगळ्यांना सुट्टी असते म्हणून रविवार. सीझन सुरू व्हायच्या आधीचा रविवार. त्या दिवशी सोनाजीचं सगळं कापड रिकामं पडलेलं असणार हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? सगळं कापड तिच्याच तर घरात होतं.

दरवर्षी दिवाळी झाली की सोनाजीचा टेम्पो तिच्या दारात गाठोडी टाकून जायचा. सीझनच्या आधी उसवलेलं शिवायचं, फाटलेलं सांधायचं. प्रत्येक कापडाच्या एका कोपऱ्यात दोन बोटं लांबीची रंगीत शिलाई असायची, कुठं लाल, कुठं काळी. ती शिलाईही मालनबाईचीच. सोनाजी निरोप धाडायचा, याला लाल मार, त्याला काळा मार, आणि ती मारायची. लाल म्हणजे नवा माल, काळा म्हणजे जुना, असं त्यानं पहिल्याच वर्षी सांगितलं होतं. ते तिनं कधी उलटून विचारलं नाही.

त्या दुपारी घरी येऊन तिनं गाठोडी सोडली. पांढरं नाही तर नाही, दुसरं काही बरं निघतंय का बघावं म्हणून. वरच एक गुलाबी सॅटिनचा पडदा हाती आला. कोरा करकरीत, एक धागा निघालेला नाही, आणि कोपऱ्यात काळी शिलाई.

मालनबाई पडदा मांडीवर घेऊन तशीच बसली. हा पडदा तिला आठवत होता. गेल्या उन्हाळ्यात तिनंच तो शिवला होता आणि तिनंच त्याला लाल टाका घातला होता. महिन्याभरानं तो परत आला, सोबत निरोप, लाल काढ, काळा मार. तेव्हा तिला वाटलं, कुठंतरी रस्सा सांडला असेल, विडी पडून भोक पडलं असेल. तिनं अख्खी दुपार तो पडदा उन्हात धरून डाग शोधला होता. डाग असेल तर धुऊन काढू, बिचाऱ्याचं नवं कापड वाया कशाला जावं, असं तिच्या मनात. डाग सापडला नव्हता. तिला तेव्हा आपलेच डोळे अधू झाले असं वाटलं होतं.

तिनं टेम्पोवाल्या उत्तमसिंगला फोन लावला.

“उत्तमसिंग, तो गुलाबी पडदा मागच्या साली कुठं गेलता रे?”

“साखऱ्याला, मावशी. गाठोड्यांची अदलाबदल झाली माझ्याकडनं. जायचा होता पाटलाकडं, गेला तुमच्या समाजात घरभरणीला. लई शिव्या खाल्ल्या शेठच्या.”

“मंग काळा दोरा काहून मारायला लावला?”

पलीकडं गाडी बंद केल्याचा आवाज आला. “तुमाला ठावं न्हाई?” उत्तमसिंग म्हणाला. “दोरा बघूनच तर गाडी भरतो आमी. काळा तिकडं, लाल इकडं. तिकडं गेलेलं परत इकडं लावत न्हाईत. पहिल्यापासून असंच हाय, मावशी. मला वाटलं, तुमीच शिवता तर तुमाला ठावं असंल.”

मालनबाईनं फोन ठेवला. तिला आधी राग आला नाही. आधी लाज वाटली, आणि आपल्याला लाज का वाटावी याचा मग असा राग आला की मशीनवरची कात्री खाली पडली. तिनं अख्खी दुपार शोधलेला डाग म्हणजे ती स्वतःच होती. तिची वस्ती, तिची लेक, साखऱ्याची ती घरभरणी. आणि सतरा वर्षं ती खूण ती आपल्याच हातानं शिवत आली होती, सरळ, बारीक, एकही टाका न चुकवता.

संध्याकाळी करुणा घरी आली, तिनं ऐकलं आणि मोबाईल काढला. “माय, व्हिडिओ काढते. दोरा दाखव, पडदा दाखव. आजच्या आज टाकते सगळीकडं. अन् उद्या पोलीस ठाण्यात जाऊ, ॲट्रॉसिटीच लावू त्याच्यावर.”

नवरा जळबा शेतातल्या आखाड्यावर हळदीची राखण करायचा, तापट बोलणं त्याला सोसत नसे. तो म्हणाला, “लग्न चार दिवसांवर आलंय. काम बी त्याचंच हाय. जरा दमानं घ्या, करुणाची माय.”

“मशीन माझी हाय, आवो. कामाला मरण न्हाई,” मालनबाई म्हणाली. मग लेकीकडं वळली. “अन् तुझा व्हिडिओ लोक दोन दिवस बघतील, तिसऱ्या दिवशी दुसरा बघतील. कापड धा वर्षं टिकतं. जायचं तर पोलिसाकडं बी जाऊ, मी न्हाई म्हणत न्हाई. पण आधी माझ्या हातानं घातलेलं माझ्या हातानं काढू दे.”

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं सगळी गाठोडी विहारासमोरच्या फरशीवर नेऊन टाकली. करुणानं रजा टाकली, शेजारची पेमा ब्लेड घेऊन आली, आणखी दोघी-तिघी बायका भाकरी थापून हात पुसत आल्या. दिवसभर उसवणं चाललं. काळा दोरा काढला, लालही काढला. पेमानं विचारलं, लाल काहून काढायचा, तो तर चांगला हाय. मालनबाई म्हणाली, “लाल हाय म्हणून तर काळा हाय.” दिवस मावळेपर्यंत फरशीवर दोऱ्यांचा गुंता पडला होता आणि कापडं सगळी एका रांगेत घडी घालून तयार होती, कोपरे कोरे. गुलाबी, पिवळी, निळी, एकमेकांत मिसळलेली. आता ब्रह्मदेव आला असता तरी कोणतं कुठं जाऊन आलंय हे सांगू शकला नसता.

पांढऱ्याचा तेवढा प्रश्न नव्हता. ते एकटंच पांढरं होतं, दसऱ्यापासून तिच्याच घरात होतं, आणि कुठंही गेलेलं नव्हतं.

शनिवारी सकाळी सोनाजी टेम्पोबरोबर स्वतः आला. गडी मांडवाच्या बल्ल्या उतरवू लागले. सोनाजीनं सवयीनं पहिल्या गाठोड्याचा कोपरा उलटला, मग दुसऱ्याचा, मग भराभर पाच-सहा गाठोडी उपसली.

“दोरे कुठं गेले, मालनबाई?”

“काढले.”

“काढले? सगळे?” सोनाजीचा आवाज चिरकला. “कुणी सांगितलं काढायला?”

“घालायला कुणी सांगितलं होतं?” मालनबाई विहाराच्या पायरीवर बसली होती, ती उठली नाही. भोवती वस्ती गोळा झाली होती, बायका, म्हातारे, साखऱ्याहून आलेले पाव्हणे. “घालते परत. दोरा बी हाय, सुई बी हाय. फक्त एवढं सांगा, कशाची खूण हाय ती?”

“अवो, जुनं-नवं कळावं म्हणून...”

“हे बघा.” तिनं गुलाबी पडदा त्याच्यापुढं पसरला. “एकदाच लागलेला. याला काळा. अन् ती पिवळी कनात, धा वर्षांची, चाळणी झालेली. तिला लाल. जुनं-नवं कळायला माणसाला डोळे हायती. दोरा कशासाठी पाह्यजे ते सांगा. मोठ्यानं सांगा, म्हाताऱ्यांना कमी ऐकू येतं.”

सोनाजीनं ओठांवरून जीभ फिरवली. खरं कारण सांगावं तर कायदा मागे लागतो, खोटं सांगावं तर पडदा समोर पसरलेला. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी गत. करुणाचा मोबाईल पर्सच्या तळाशी होता, पण चोराच्या मनात चांदणं, सोनाजीची नजर सारखी त्या पर्सकडं जात होती.

“आमच्या वडलांच्या काळापासून चालत आलंय, ताई,” तो अखेर खालच्या आवाजात म्हणाला. मालनबाईची ‘ताई’ व्हायला सतरा वर्षं लागली होती.

“चालत आलं असंल. इथवर. इथून पुढं मी घालत न्हाई.” आता ती उठली. “अन् एक ऐका. या कापडात माझी लेक वाढली. लहान होती तवा तुमच्या लाल गाठोड्यावर निजायची, तिची लाळ गळायची. मी ताप आला की हेच पांघरायची. एक बी पडदा, एक बी झालर असं न्हाई की माझ्या मांडीवरून उठून गेलं न्हाई. तेव्हा कुणाला काय झालं न्हाई. आता तुमचं बुकिंग हाय, पांढरं रिकामं हाय. रविवारी माझ्या लेकीवर पांढरं लागंल. लावायचं नसंल तर काहून न्हाई ते इथं सगळ्यांसमोर बोला, अन् टेम्पो भरून घेऊन जा.”

सोनाजीनं उपसलेली गाठोडी बाजूला सारली. मग त्यानं गड्याला हाक मारली.

“पांढरं काढ.”

रविवारी करुणा त्या छताखाली उभी राहिली. त्रिशरण-पंचशील झालं, रत्नपालनं हार घातला, बायकांनी फुलं टाकली. मालनबाई पहिल्या रांगेत बसली होती आणि सगळ्यांदेखत खुशाल रडत होती. मध्येच वर बघून एखाद्या पट्ट्याची दुमड सरळ आली की नाही तेही पाहत होती. दुसऱ्या दिवशी तिनं सेट धुतला, वाळवला, इस्त्री केली आणि बुधवारी सांगितल्याप्रमाणे गोडाऊनला पोचवला. बोललेला शब्द तिनं पाळला. आता सोनाजीनं ते कुणावर लावावं, तो जाणे अन् त्याचं मन जाणे.

गुरुवारी सकाळी दहाला सोनाजीचा फोन आला. अबोलीच्या मांडवात गड्यांनी घाईत छत ओढलं, खिळ्यात अडकलं आणि बरोबर बोहल्याच्या वर हातभर उसवलं. दुसरं पांढरं जवळपास कुठं नव्हतं, दुसरी शिवणारीही नव्हती. मुहूर्त अकरा चाळीसचा होता.

“येते,” मालनबाई म्हणाली. “पण पुढच्या दारानं येईन.”

उत्तमसिंगनं तिला टेम्पोतून आणलं. मंगल कार्यालयाच्या पुढच्या दारात गुलाबपाणी शिंपडत होते, ते तिच्याही अंगावर उडालं. वऱ्हाड जमलं होतं, भटजी मांडामांड करत होते. बोहल्यावर शिडी लागली. ती वर चढली, खाली सोनाजीनं स्वतः शिडी धरली. अर्ध्याहून जास्त टाके झाले होते तेव्हा नवरीची आई, सरलावहिनी, खाली येऊन उभ्या राहिल्या.

“कापड कोरंच आहे ना हो, सोनाजी? आम्ही आधीच बजावलं होतं. कुठंकुठं लागलेलं आमच्याकडे चालत नाही.”

“एकदम कोरं, वहिनी,” सोनाजी म्हणाला.

मालनबाईचा हात थांबला. खाली बघितलं तर गप्प राहणं किती सोपं होतं ते तिला दिसलं. सोनाजी वाचला असता, तिचं कामही राहिलं असतं, कापड तर वर होतंच. पण गप्प राहिलं की पुन्हा तोच टाका, फक्त आता दोरा दिसणार नाही एवढंच.

“कोरं न्हाई,” ती वरून म्हणाली. “रविवारी लागलंय. शिरड शहापूरला, बौद्ध वस्तीत, माझ्या लेकीच्या लग्नात.”

सरलावहिनींनी सोनाजीकडं पाहिलं, सोनाजीनं आपल्या बुटांकडं. शिडी दोन्ही हातांनी धरलेली, त्यामुळं बिचाऱ्याला घामही पुसता येईना.

“काढायचं असंल तर आत्ताच काढा,” मालनबाई म्हणाली. “शिडी लावलेलीच हाय. मी गाठी सोडून देते.”

नवरीच्या वडलांनी, गोपाळरावांनी, घड्याळ पाहिलं. अकरा अठ्ठावीस. छत उतरवून दुसरं चढवायला दोन तास लागले असते, आणि मुहूर्त काही कुणासाठी थांबत नाही. जिला मुहूर्त लागत नाही ती बाई शिडीवर निवांत उभी होती.

“राहू द्या आता,” गोपाळराव हात झटकून म्हणाले. “वेळ नाही.”

“राहू द्या म्हणू नका, साहेब.” मालनबाईचा आवाज चढला नाही, पण शेवटच्या खुर्चीपर्यंत पोचला. “वेळ न्हाई म्हणून राहू द्यायला, माझ्या लेकीवर लागलेलं कापड म्हंजे काय अडचण हाय? काढा तरी म्हणा, न्हाईतर चांगलं हाय म्हणा. मी तोवर पुढचा टाका घालत न्हाई.”

भटजी उगाच अक्षतांचं ताट इकडचं तिकडं करू लागले. एव्हाना नवरीच्या खोलीच्या दारातून मामाचा हात धरून अबोली बाहेर आली होती, मुंडावळ्या बांधलेली, अजून बोहल्यापासून दहा पावलं लांब. तिनं मान वर करून छत पाहिलं. बावीस पट्टे, तीन पदरी झालर, आणि मधोमध सुई हातात धरून थांबलेली बाई.

“चांगलं आहे,” अबोली म्हणाली. आवाज थोडा कापला. आई तिला काही म्हणायला गेली, तर ती पुन्हा म्हणाली, या खेपेला स्वच्छ, “खूप चांगलं आहे. शिवा तुम्ही.”

मालनबाईनं शेवटचे सहा टाके घातले. गाठ मारली. कात्री कमरेच्या पिशवीत होती, हाताला लागतही होती. तिनं ती काढली नाही. सगळा मांडव वर बघत असताना तिनं रोजच्यासारखा दोरा दातानं तोडला, आणि सावकाश खाली उतरून पुढच्या दारानं बाहेर पडली.